दोघांच्या घरातली टर्की

अमेरिकेत सर्वांत जास्त टर्की मिनेसोटात वाढवल्या जातात. मिनियापोलिसहून पश्चिमेला विलमारकडे गाडी निघाली की मक्याच्या शेतांमधून त्यांच्या लांबट, बुटक्या शेड दिसू लागतात. आम्ही या राज्यात राहायला आलो तेव्हा घरात चार माणसं होती. नोव्हेंबरात अख्खी टर्की यायची आणि दोन-तीन दिवसांत संपायची. आता मुलं आपापल्या गावी आहेत आणि ताटं दोनच वाढली जातात. त्यात नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलमुळे डॉक्टरांनी मटण महिन्यातून एकदाच, असं बजावलं. आम्ही दोघंही कोल्हापूरचे. रविवारी रस्सा नाही, हे आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून टर्कीच्या छातीचं मांस, इथे सगळे ज्याला टर्की ब्रेस्ट म्हणतात ते, आमच्या स्वयंपाकघरात वर्षभरासाठी आलं. कातडी काढली तर त्यात चरबी नावापुरती उरते, आणि शिजवलेल्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात.

इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. दोन माणसांच्या घरात हा तुकडा तीन-चार वेगळ्या जेवणांचा कच्चा माल समजून आणावा आणि चुलीवर चढवण्याआधीच त्याची वाटणी करावी. अख्खा भाजायचा आणि मग उरलेल्याचं काय करायचं या विवंचनेत आठवडा काढायचा, असं करून ओळखीच्या कितीतरी घरांनी टर्कीचं नाव टाकलं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मांस चांगलं आहे, स्वस्त आहे आणि आपल्या हाताला जमणारं आहे.

१. हाडासकट घ्यावं

'टर्की ब्रेस्ट' या एकाच नावाखाली दुकानात चार-पाच वेगळ्या वस्तू असतात. छातीच्या दोन्ही बाजू, मधलं हाड, बरगड्या आणि कातडी असा अख्खा तुकडा साधारण चार ते आठ पाउंडांचा. त्यावर 'हॉटेल स्टाइल' लिहिलं असेल तर पंखही जोडलेले असतात. हाड काढून जाळीत बांधलेला रोस्ट दोन-तीन पाउंडांचा. छातीच्या मोठ्या स्नायूखाली एक लांबट, मऊ पट्टी असते, ती टेंडरलॉइन म्हणून वेगळी विकतात. मग पातळ काप, म्हणजे कटलेट, आणि शेवटी खिमा.

दोघांच्या घराला सहा पाउंडांचा हाडासकट तुकडा पाहून धडकी भरते आणि हात आपोआप जाळीतल्या रोस्टकडे जातो. शेल्फवरच्या चिठ्ठीवर पाउंडाचा दर बारीक अक्षरांत छापलेला असतो, तो आधी वाचावा. हाडासकट तुकड्याचा दर बहुतेक वेळा बराच खाली असतो. सहा पाउंडांतून हाडं-कातडी बाजूला काढली तर साधारण चार पाउंड मांस हाती येतं, आणि त्या हाडांवर आणखी दोन जेवणं होतात. कोल्हापूरच्या माणसाला हाडाचं मोल वेगळं सांगायला नको.

एकटं राहणाऱ्याला, किंवा रात्री आठला घरी पोचून स्वयंपाक करणाऱ्याला, मी टेंडरलॉइन सुचवीन. ती पटकन शिजते, वाया काही जात नाही. फक्त लिंबू-मिरी किंवा तत्सम काही आधीच चोळलेली पाकिटं टाळावीत. त्यांचं मीठ आणि चव दोन्ही आपल्या मसाल्याच्या आड येतात.

२. नावाखालची बारीक ओळ

वजनाआधी मी पाकिटावर एक ओळ शोधते: अमुक टक्क्यांपर्यंत द्रावण घातलेलं आहे, अशी. हे द्रावण म्हणजे पाणी किंवा टर्कीचा रस, मीठ आणि बऱ्याचदा सोडियम फॉस्फेट. ते मांसात सुयांनी टोचून भरतात, म्हणजे मांस रसाळ राहतं. किती टक्के आहे हे लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. द्रावण भरलेलं मांस वाईट असतं असं नाही, पण त्या मिठाचे आणि पाण्याचे पैसे आपण मांसाच्या भावाने देतो. शिवाय अशा मांसाला घरी पुन्हा मिठात मुरवलं तर ते खारट होतं. रक्तदाबाचं माणूस घरात असेल तर ही ओळ वाचायलाच हवी.

बाकीच्या शब्दांनी फार भुलू नये. 'नॅचरल' म्हणजे कृत्रिम पदार्थ किंवा रंग घातलेला नाही आणि मांसावर फारशी प्रक्रिया केलेली नाही, एवढंच. पक्षी कुठे, कसा वाढला याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. 'हार्मोन दिलेले नाहीत' हे तर अमेरिकेतल्या प्रत्येक कोंबडीला आणि टर्कीला लागू आहे, कारण पक्ष्यांना हार्मोन द्यायला इथे परवानगीच नाही. त्या वाक्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. 'फ्रेश' या शब्दाला मात्र नेमका अर्थ आहे: ते मांस २६ अंश फॅरनहाइटच्या खाली कधी गेलेलं नाही. कच्चं कापून, वाटून फ्रीजरमध्ये ठेवायचं असेल तर मी फ्रेशच घेते. गोठलेलं मांस फ्रिजमध्ये वितळवून परत गोठवलं तर धोका नसतो, पण प्रत्येक वेळी थोडं पाणी सुटतं आणि मांस कोरडं होत जातं.

३. पंचांग आणि दुकानाची जाहिरात, दोन्ही पाहावं

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा थँक्सगिव्हिंगचा दिवस, १९४१ च्या कायद्याने ठरलेला. त्याआधीचे पंधरा दिवस दुकानं अख्खी टर्की अगदी कमी भावात देतात, कित्येकदा तोटा सोसून, कारण ती घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बाकीचं सगळं सामानही तिथेच घेतं. ब्रेस्टचा भाव त्या काळात तेवढा उतरत नाही. सण उलटल्यावर उरलेली गोठलेली ब्रेस्ट स्वस्तात काढतात, ती खरी आपल्यासारख्यांची वेळ. बर्ड फ्लूची साथ आली की सगळी गणितं बदलतात. २०१५ साली मिनेसोटातल्या टर्कीपालकांचं फार मोठं नुकसान झालं, आणि २०२२ पासून साथ पुन्हा पुन्हा डोकं वर काढते आहे. अशा वर्षी थोडा भाव जास्त दिसला तर मी कुरकुर करत नाही. त्या शेडमागे माणसांचे संसार आहेत.

आता पंचांग. २०२२ साली आणि पुन्हा २०२५ साली थँक्सगिव्हिंग मार्गशीर्षातल्या पहिल्याच गुरुवारी आलं. २०२३ साली त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट बसतो आणि पुरणाचा नैवेद्य असतो, त्यामुळे टर्की शनिवारी सरकते. इथल्या शेजाऱ्यांना याचं काही वाटत नाही, त्यांच्याकडेही मुलं वेगवेगळ्या दिवशी येतात म्हणून सण पुढे-मागे होतच असतो. प्रश्न फक्त मांसाचा असतो. कच्चं मांस फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवावं. म्हणून अशा वर्षी मी गोठलेलं ब्रेस्ट आणते आणि घट बसल्यावर, गुरुवारी दुपारी, ते फ्रीजरमधून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात हलवते. शनिवारी सकाळी ते तयार असतं.

४. वाटणी कच्चेपणीच

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं काम हेच, आणि त्याला जेमतेम अर्धा तास लागतो.

मांस फ्रिजमधून काढल्या काढल्या, चांगलं थंड असताना कापावं. कोमट झालं की ते सुरीखाली घसरतं. अरुंद पात्याची धारदार सुरी घ्यावी. छातीच्या बरोबर मध्ये उभं हाड लागतं. त्याच्या एका बाजूने, पातं हाडाला चिकटवून, वरून खाली लहान लहान काप देत जावं. हाड संपून बरगड्या सुरू झाल्या की पातं त्यांच्या वळणाने वळवावं, आणि मोकळ्या हाताने मांस हळूहळू बाजूला ओढत राहावं. एक बाजू अख्खी सुटून येते. मग दुसरी. प्रत्येक बाजूच्या आतल्या अंगाला टेंडरलॉइनची पट्टी असते, ती हातानेच सुटते. तिच्यातून एक पांढरी चिवट शीर जाते. तिचं टोक कागदी रुमालाने घट्ट धरायचं आणि सुरीने मांस तिच्यावरून खरवडून काढायचं. ती राहिली तर खाताना दाताखाली येते.

आता पाटावर दोन मोठे तुकडे, दोन पट्ट्या, हाडांचा सांगाडा आणि कातडीचे तुकडे असतात. एक मोठा तुकडा कातडीसकट ठेवायचा, तो भाजायला. दुसऱ्याची कातडी काढून त्याचे सुक्यासाठी काप करायचे. ते मांसाच्या धाग्यांना आडवे कापायचे, आणि हे फार महत्त्वाचं आहे. टर्कीचा धागा कोंबडीपेक्षा लांब आणि जाड असतो. धाग्याच्या दिशेने कापलं तर कितीही नीट शिजवलेलं मांस चावत बसावं लागतं. धागे नीट दिसले नाहीत तर मांस उजेडाकडे थोडं तिरपं धरून बघावं. निमुळती टोकं आणि कडेचे तुकडे खिम्याला. पट्ट्या तव्यासाठी.

दोघांना एका वेळी बारा औंस ते एक पाउंड मांस पुरतं. तेवढं एका झिप पिशवीत घालून, हाताने दाबून बोटभर जाडीचं सपाट करायचं, हवा पूर्ण काढायची आणि वर तारीख लिहायची. पिशवीत हवा राहिली तर मांसाच्या कडा पांढरट, कोरड्या पडतात. सपाट पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात आणि रात्री फ्रिजमध्ये टाकलेली पिशवी सकाळपर्यंत वितळलेली असते. लहान फ्रीजरच्या घराला हीच खरी सोय.

हाताने कापायचं नसेल तर मांसाच्या काउंटरवर विचारावं. काही दुकानांत हाड वेगळं करून देतात, किंवा तुकडा करवतीने मधोमध चिरून देतात.

५. वितळवण्याची घाई नको

फ्रिजमध्ये दर चार-पाच पाउंडांना २४ तास. घाई असेल तर पिशवीसकट थंड पाण्यात, दर पाउंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. पाण्यात वितळवलेलं मांस लगेच शिजवायचं. ओट्यावर उघडं ठेवून वितळवू नये. आत बर्फ असताना बाहेरचा थर जंतू वाढतील इतका कोमट झालेला असतो.

६. धुवायचं की नाही

माझ्या आईने आयुष्यात न धुता मांस शिजवलं नाही. उघड्या दुकानातून, कागदात किंवा पिशवीत बांधून आणलेलं मटण हळद-मीठ लावून दोन पाण्यांतून काढणं तिथे योग्यच होतं. इथे मांस कारखान्यातून थंडगार, बंद पाकिटात येतं. नळाखाली धरलं की त्याच्यावरचे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. ते मरतात आचेवर, पाण्याने जात नाहीत. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं धुवू नका असं सांगतं, आणि मला ते पटलं आहे. मी कागदी रुमालाने मांस कोरडं टिपते, मग हळद-मीठ लावते. हळद लावल्यावर येणारा तो ओळखीचा वास आला की मनालाही स्वच्छ वाटतं. पाट, सुरी आणि सिंक साबणाच्या गरम पाण्याने लगेच घासायचं.

७. थर्मामीटरशिवाय भाजू नये

या मांसात चरबी नाही, त्यामुळे पाच-सात अंशांचा फरक लगेच जिभेला कळतो. सुरक्षित तापमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. १८० ला पोचलेलं ब्रेस्ट लाकडासारखं लागतं. पुष्कळ पाकिटांतून मांसात एक प्लास्टिकची खूण खोचलेली येते, शिजलं की तिची कळ वर उडते. आतला मऊ धातू ठरावीक उष्णतेला वितळतो आणि स्प्रिंग सुटते, अशी ती रचना आहे. पण ती कळ उडेपर्यंत छातीचं मांस बऱ्याचदा जास्त शिजलेलं असतं, आणि ती एकाच जागेचं तापमान सांगते. त्यापेक्षा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. टोक सर्वांत जाड भागाच्या मधोमध जावं, हाडाला टेकू नये.

सहा पाउंडांच्या अख्ख्या ब्रेस्टला ३२५ अंशांच्या ओव्हनमध्ये सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. आमचा दीड-दोन पाउंडांचा एका बाजूचा तुकडा ३५० अंशांवर साधारण तासाभरात होतो. मी तो आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण, मिरी आणि थोडं तेल लावून उघडाच फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. १६० ला बाहेर काढून फॉइलखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. आतली उष्णता पसरत राहते आणि आकडा १६५ ला पोचतो. पोचलाच नाही तर परत ओव्हनमध्ये. ती पंधरा मिनिटं सोसत नाहीत म्हणून लगेच कापलं तर सगळा रस पाटावर जातो.

टर्की खाऊन झोप येते आणि तो त्यातल्या ट्रिप्टोफॅनचा गुण, असं इथे दर वर्षी कोणीतरी सांगतं. कोंबडीतही ते जवळजवळ तेवढंच असतं. झोप येते ती भरल्या पोटाने.

८. आधी रस्सा, मग मांस

मटणाचा रस्सा आपण मांसापासून सुरू करतो. मांस परततो, पाणी घालतो, शिजू देतो, आणि जितका वेळ जाईल तितकं ते मऊ होतं. त्याचं कारण मटणाच्या पायात आणि खांद्यात भरपूर असणारे चिवट जोडतंतू. ते मंद आचेवर विरघळून रस्सा दाट करतात. टर्कीच्या छातीत ते जवळजवळ नसतात. तिथे जास्त वेळ शिजवलं तर मांसाचे धागे आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. म्हणून क्रम उलटा करावा लागतो.

पातळ कापांना दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि चमचाभर तेल लावून एक-दोन तास ठेवते. कढईत कांदा लाल करून त्यात सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं भाजलेलं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालते, बाजूने तेल सुटेपर्यंत परतते. मग हाडं उकळून काढलेली गरम अळणी घालून रस्सा चांगला उकळू देते, चव बघून मीठ-तिखट पुरं करते. रस्सा पूर्ण झाला की मगच काप आत जातात. आच मंद, पाच-सहा मिनिटं, एक काप मोडून बघायचा, आत गुलाबी नसला की गॅस बंद करून झाकण. सुकं करायचं असेल तर अळणी वाटीभरच आणि आटेपर्यंत मसालाच परतायचा; मांस तरीही शेवटीच.

टर्कीला आपला मसाला शोभत नाही, ती सौम्य, पाश्चात्त्य चवीची वस्तू आहे, असं पुष्कळांना वाटतं. मला हे मुळीच मान्य नाही. टर्की पाळीव झाली ती मेक्सिकोत, जिथे मिरचीही पिकवायला सुरुवात झाली. तिथल्या पुएब्ला शहराचा मोले हा प्रसिद्ध पदार्थ परंपरेने टर्कीचाच: सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, लवंग, दालचिनी भाजून वाटलेला दाट रस्सा, त्यात थोडं चॉकलेट. चॉकलेट सोडलं तर ते वाटण कोल्हापुरातल्या कुठल्याही बाईला ओळखू येईल. मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली आणि टर्कीही त्यांच्याच जहाजांतून गोव्याला पोचली. १६१२ साली मुकर्रब खान गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू घेऊन गेला त्यांत ही टर्की होती. बादशहाला तिचं इतकं नवल वाटलं की त्याने आपल्या आठवणींत तिचं वर्णन लिहिलं आणि चित्र काढवून घेतलं. उस्ताद मन्सूरच्या हातचं मानलं जाणारं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे लाल तिखटात टर्की घालताना मी काही अघटित करत नाही. दोघींचं माहेर एकच आहे.

९. खिम्याचे आकडे

दुकानातल्या खिम्यावर ९९ किंवा ९३ असा आकडा असतो. ९९ टक्के म्हणजे नुसत्या छातीचा, चरबी एकच टक्का. ९३ मध्ये मांडीचं मांस मिसळलेलं असतं. मटार-खिम्याला मला ९३ चाच आवडतो. ९९ चे कबाब करायचे तर किसलेला कांदा न पिळता घालावा, दुधात भिजवलेला पाव आणि दोन चमचे तेल मिसळावं. घरी काढलेल्या कडेच्या तुकड्यांचा खिमा करताना त्यात कातडीचा छोटा तुकडा मी मुद्दाम टाकते; तेवढ्याने सगळ्याला ओल येते. कबाब तव्यावर थोड्या कमी आचेवर करावेत.

१०. उरलेलं मांस, आणि डेलीचा काउंटर

फ्रिजमध्ये ठेवलेलं शिजवलेलं मांस दुसऱ्या दिवशी गरम केलं की एक शिळा, किंचित पुठ्ठ्यासारखा वास येतो. टर्कीत तो इतर मांसांपेक्षा लवकर येतो, कारण तिच्या चरबीचा हवेशी संयोग पटकन होतो. यावर उपाय हवा तोडण्याचा. उरलेले काप कोरडे न ठेवता रस्सा किंवा अळणीत बुडवून ठेवावेत. कांदा, लसूण आणि मसाले हा वास धरू देत नाहीत, म्हणून आपल्याकडचं सुकं दुसऱ्या दिवशीही चांगलं लागतं, आणि साधं भाजलेलं मांस लागत नाही. साधं भाजलेलं गरमच करू नये. थंड काप, लिंबू, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि थोडं दही अशी कोशिंबीर पोळीत गुंडाळून डब्याला न्यावी. मायक्रोवेव्हमध्ये उघडे काप ठेवणं मी पूर्ण बंद केलं आहे.

शिजल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये, पसरट डब्यात, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. तेवढं खपणार नसेल तर पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये.

सँडविचसाठी लोक डेलीतून टर्कीचे काप आणतात. त्याच्या नेहमीच्या प्रकारांत दोन औंसांमागे चार-पाचशे मिलिग्रॅम सोडियम सहज असतं. शिवाय लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, म्हणून पासष्टीपुढच्या माणसांनी आणि गरोदर बायकांनी डेलीचं मांस वाफ येईपर्यंत गरम करूनच खावं, अशी सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, सूचना आहे. मुलगी बाळंतपणाआधी राहायला आली तेव्हा घरी भाजलेली टर्कीच सँडविचला वापरली. तेव्हापासून डेलीचा काउंटर आमच्यापुरता सुटलाच.

११. हाडं

अळणीसाठी सांगाड्याचे दोन-तीन तुकडे करायचे, म्हणजे ते पातेल्यात मावतात. कांदा, आलं, लसूण, तमालपत्र, चार मिरी, हळद नको. हाडं बुडतील एवढं पाणी घालून दोन-अडीच तास मंद आचेवर, किंवा प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास. वरचा फेस काढायचा. मीठ घालायचं नाही, कारण नंतर कुठल्या पदार्थात किती आटेल ते आत्ता माहीत नसतं. गाळून थंड केली की हाडांना चिकटलेलं मांस सोडवून घ्यायचं. ते वाटीभर तरी निघतं. अळणी मफिनच्या साच्यात गोठवते आणि वड्या पिशवीत भरून ठेवते. एक वडी म्हणजे अर्धा कप, एका माणसाचा रस्सा दोन वड्यांचा.

पांढऱ्या रश्श्याला ही अळणी मटणाच्या खालोखाल उतरते, आणि हे मी कोल्हापूरच्या घरात वाढलेल्या जिभेने सांगते आहे. काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा आणि दोन हिरव्या मिरच्या, त्यात वाटण परतायचं पण लाल होऊ द्यायचं नाही, मग अळणी. नारळाचं दूध सर्वांत शेवटी, आणि त्यानंतर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर ते फाटतं. टर्कीची अळणी मटणाच्या मानाने हलकी असते, म्हणून काजू थोडे जास्त घेते.

दुसरा पदार्थ मिनेसोटाचा स्वतःचा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात इथे घरोघरी टर्की आणि वाइल्ड राइसचं सूप होतं. वाइल्ड राइस हा तांदूळ नव्हे. उत्तरेकडच्या उथळ तळ्यांत वाढणाऱ्या गवताचं ते बी. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबरात होडीतून जाऊन, लाकडी दांड्यांनी कणसं झोडपून ते होडीतच पाडतात. त्यांच्यासाठी ते पवित्र धान्य आहे. १९७७ पासून ते राज्याचं अधिकृत धान्यही आहे. दुकानात दोन प्रकार मिळतात. शेतात पाणी बांधून पिकवलेलं काळं, चकचकीत असतं आणि शिजायला पाऊण ते एक तास घेतं. तळ्यातून हाताने काढलेलं तपकिरी, थोडं महाग, आणि अर्ध्या तासात फुलतं. मी दुसरं घेते. त्याला धुराचा, चहाच्या पानासारखा एक वास असतो, आणि ते पैसे अनेकदा ओजिब्वे कुटुंबांपर्यंत पोचतात.

वाइल्ड राइस वेगळं शिजवायचं. सुपातच टाकलं तर ते सगळी अळणी पिऊन टाकतं. लोण्यात कांदा, गाजर, सेलरी आणि मशरूम परतून, चमचाभर मैदा लावून, अळणी घालायची. इथले लोक वर भरपूर क्रीम घालतात, आमच्याकडे पाव वाटी दूध पुरतं. शिजवलेलं वाइल्ड राइस आणि हाडांवरून काढलेलं मांस अगदी शेवटी, नुसतं गरम होण्यापुरतं. गोठवून ठेवायचं असेल तर दूध आणि वाइल्ड राइस घालण्याआधीच भाग काढून ठेवावा. नवऱ्याला यावर नुसती ताजी मिरपूड लागते. मला तुपात परतलेल्या लसणाची फोडणी हवी असते, ती मी माझ्या वाटीत वरून घालून घेते.